सही येते, तरी अंगठा

माझा फोन जुना आहे हे मला माहीत होतं. त्याच्यापायी नोकरी जाऊ शकते, हे मला एचआरच्या मॅडमनी सांगितलं.

फरीदाबादला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. तेव्हा प्रोबेशनवर होते. म्हणजे काम पक्क्या माणसाचं आणि खुर्ची कच्च्या माणसाची. कायम होण्याची वेळ जवळ आली आणि नेमकं तेव्हाच कंपनीनं हजेरीचं ॲप आणलं. सगळ्या स्टाफनं ते आपापल्या फोनवर घ्यायचं, सकाळी कारखान्याच्या आवारात शिरल्यावर बटण दाबायचं, संध्याकाळी निघताना पुन्हा दाबायचं. बटण दाबलं नाही तर गैरहजर. गैरहजेरी वाढली तर कायम होणं विसरा.

माझ्या फोनवर ते ॲप उतरलंच नाही. तुमच्या फोनची प्रणाली जुनी आहे, आधी नवी घ्या, म्हणालं. म्हणून मी सेटिंगमध्ये गेले, अपडेट शोधा असं दाबलं. थोडा वेळ गोल फिरलं आणि उत्तर आलं: ‘तुमचा फोन अद्ययावत आहे.’

मी फोनची भाषा मराठी ठेवते. दिल्लीकडे आल्यापासून ठेवते. दिवसभर हिंदी बोलायची, ईमेल इंग्रजीत लिहायची, मग निदान खिशातली वस्तू तरी माझ्याशी माझ्या भाषेत बोलू दे. मी तो पडदा तसाच मॅडमपुढे धरला.

“ये कौन सी लैंग्वेज है?”

“मराठी.”

“लिखा क्या है?”

“अद्ययावत. मतलब, अप टू डेट.”

मॅडम हसल्या. “यार, तुम्हारा तो फोन भी झूठ बोलता है.”

तो खोटं बोलत नव्हता. बनवणाऱ्यांनी त्याला जेवढं द्यायचं तेवढं दिलं होतं आणि काही वर्षांपूर्वी हात काढून घेतला होता. आता त्याच्यासाठी नवं काही येणारच नव्हतं, म्हणून जे आहे तेच शेवटचं, तेच अद्ययावत. शेजारच्या टेबलावर अकाउंट्सचे एक सर बसतात. ते मान न वळवता म्हणाले, “मैडम, हार्डवेयर ही पुराना है. ऊपर से कितना भी डालो, क्या होगा?”

हे फोनबद्दलच होतं. पण याच सरांनी महिन्याभरापूर्वी माझ्या इंग्रजीवर, ‘डिग्री तो आजकल सबको मिल जाती है’ असं म्हटलं होतं. त्यामुळे मी ते दोन्हीकडून ऐकलं. ऐकून घेतलं मात्र नाही. म्हटलं, “सर, हार्डवेयर चालू है. आप चिंता मत करो.”

त्या रविवारी मी फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं फोन उलटापालटा करून पाहिला. आजारी माणसाची नाडी पाहावी तसा. म्हणाला, कंपनीकडून काही येणार नाही. बाहेरची प्रणाली टाकून देतो, पण मग बँकेचं ॲप रुसू शकतं, कॅमेराही रुसू शकतो, आणि तुमच्या हजेरीवाल्या ॲपनं असा फोन ओळखून नाकारला तर माझ्याकडे यायचं नाही. “इसकी उमर हो गई, मैडम. बैटरी नई है, स्क्रीन ठीक है, पर उमर हो गई.”

“बॅटरी ठीक, स्क्रीन ठीक, आवाज ठीक. मग वय कशाचं झालं?” मी हे मराठीतच बोलले, त्याला कळलं नाही.

कुणालाही वाटेल, घ्यावा की नवा फोन. मी घेऊ शकत होते. पैशाचा प्रश्न नव्हता. माझा फोन बोलतो, फोटो काढतो, नकाशा दाखवतो, गावाकडचे व्हिडिओ कॉल उचलतो. माझ्या कुठल्याच कामाला तो कमी पडत नव्हता. तो कमी पडत होता कंपनीच्या कामाला. मोजमापाचं गेज मी घरून आणत नाही, सुरक्षेचे बूट कंपनी देते, मग हजेरीचं यंत्र मी माझ्या घरून का आणायचं? मॅडमना मी हे याच शब्दांत विचारलं, हिंदीत.

त्या वैतागल्या. “बाकी सबने तो ले लिया ना? तुम्हें ही प्रॉब्लम है.”

“तो मेरे लिए दूसरा इंतज़ाम कीजिए.”

“दूसरा तो बस गेट नंबर दो है.” त्या खुर्चीत मागे रेलल्या. “लेबर की लाइन में लगोगी? अंगूठा लगाओगी?”

गेट नंबर एक स्टाफचा. तिथं काच आहे, कुंड्या आहेत, गार्ड गुड मॉर्निंग म्हणतो. गेट नंबर दोन कामगारांचा, मागच्या रस्त्याला. तिथं भिंतीवर अंगठा टेकवायचं यंत्र आहे आणि त्याच्यापुढे रोज सकाळी रांग असते. त्या रांगेत पदवीचं माणूस कुणी उभं राहत नाही. मॅडमनी ते विचारायचं म्हणून विचारलं नव्हतं. मी नाही म्हणावं म्हणून विचारलं होतं.

“लगूँगी,” मी म्हटलं. “मेरा अंगूठा मशीन में डलवा दीजिए.”

त्यांना वाटलं, दोन दिवस उभी राहील आणि येईल वळणावर. माझा अंगठा त्यांनी नोंदवला.

आता हे बाबांना सांगायचं होतं.

माझे बाबा वाशीमकडे कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. सकाळी फाटकाशी रांग, मुकादम हजेरी घ्यायचा, आणि आठवड्याचा पगार देताना कागदावर अंगठा घ्यायचा. शाईचा. बाबांच्या अंगठ्यावर ती निळी शाई दोन दोन दिवस दिसायची, कारण पगार झाल्यावर ते हात घासायचे पण अंगठा तेवढा घासायचे नाहीत, जणू तो त्यांचा नव्हताच. मी चौथीत सही करायला शिकले, तेव्हा घरातल्या सगळ्यांना ती दाखवून झाली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही बाबा माझ्याकडून करवून घेत आणि खाली आपला अंगठा लावत. अंगठाबहाद्दर हा शब्द आमच्याकडे शिवी म्हणून वापरत नसत. आमच्याकडे तो वापरतच नसत. कुणाला म्हणणार?

फोनवर मी सगळं सांगितलं. बाबा ‘हं’, ‘हं’ करत ऐकत होते. गेट नंबर दोनपर्यंत आले आणि ‘हं’ बंद झालं.

“अंगठा?”

“हो.”

“तुले सही शिकोली, कालेजात धाडलं, अन् तू अंगठा लावतं?”

“बाबा, हा अंगठा तसा नाही. मशीनचा आहे. मोठमोठे साहेबसुद्धा आपला फोन अंगठ्यानंच उघडतात.”

“ते घरी उघडत असंन. गेटावर नाही.”

बाबांना शब्दात पकडायचं असेल तर आधी जेवून घ्यावं लागतं.

“नवा फोन घे,” ते म्हणाले. “आडमुठेपना कोनाचा घेतला तू?”

“तुमचाच.”

फोन ठेवला त्यांनी. रागानंच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यातलं स्टाफचं ओळखपत्र तसंच ठेवून रांगेत उभी राहिले. पुढे लोडिंगची माणसं, मागे पॅकिंगच्या बायका. रांग माझ्यापाशी जराशी रुंद झाली. माझ्यासाठी जागा करायला बघत होते. मी म्हटलं, नाही, आपापल्या जागी उभे राहा. माझी पाळी आली. अंगठा टेकवला, यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. माझ्या मागची बाई म्हणाली, “मैडम, बालों में रगड़ो.”

“क्या?”

“अंगूठा. बालों में रगड़ो, तेल लगेगा, तब पढ़ेगा. हम सबका ऐसे ही पढ़ता है.”

मी डोक्याला तेल लावत नाही. तिनं हसत आपली वेणी पुढे केली. मी तिच्या वेणीवर अंगठा फिरवला, टेकवला, हिरवा दिवा लागला. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

त्या दिवसापासून मी रोज त्याच रांगेतून येते. पहिल्या आठवड्यात गेट एकचा गार्ड मला बघून चुकचुकायचा. अकाउंट्सचे सर कँटीनमध्ये विचारायचे, “और, आज ओवरटाइम मिलेगा?” मी म्हणायची, “मिलेगा तो आपसे ही लेने आऊँगी, हिसाब ठीक रखना.” तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

खरा प्रश्न पुढेच होता. कायम करण्याची बैठक आली, तेव्हा मॅडमच्या पडद्यावर ॲप सुरू झाल्यापासून गेट नंबर दोनपर्यंतचे माझे दिवस लाल होते. गैरहजर. त्या खांदे उडवून म्हणाल्या, सिस्टम में तो यही है.

मी त्यांना हिंदीत म्हटलं, “त्या दिवसांत तुम्ही मला तुमच्या याच खुर्चीवरून तीनदा हाक मारली. मी आले. गैरहजर माणूस येतो का?” आमच्या विभागाचे प्रमुख तिथं बसले होते. एरवी ते फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, “ये तो रोज़ थी. इसी ने उस हफ़्ते का पूरा लॉट रोका था, भूल गईं? डिलीवरी पर इतना हंगामा हुआ था.” खराब निघालेल्या भागांचा तो लॉट रोखल्याबद्दल मला तेव्हा बोलणी बसली होती. आता त्याच भांडणानं मी हजर ठरले.

मॅडमनी लाल दिवस हातानं हिरवे केले. सिस्टममध्ये ते करता येत होतं. मग इतके दिवस का केलं नाही, हे मी विचारलं. त्या पाणी प्यायल्या.

मी कायम झाले. मूल्यमापनात ‘लवचिकता’ या रकान्यात ‘साधारण’ असं लिहून आलं. ते मी मान्य करते.

“अब तो नया फोन ले लो,” मॅडम म्हणाल्या. “परमानेंट हो. गेट एक से आया करो, अच्छा नहीं लगता.”

“किसको?”

मॅडमनी पुढची फाइल उघडली.

संध्याकाळी बाबांना फोन केला. कायम झाले म्हटल्यावर त्यांनी आधी आईला हाक मारली, मग शेजाऱ्याला, मग परत माझ्याकडे आले. आवाज उंच होता, पण मधेच खाली आला.

“मंग आता तं लाइन सुटली?”

“नाही बाबा. त्याच गेटनं जाते.”

मला वाटलं आता ठेवतील. ठेवला नाही.

“अंगठा लावूनच?”

“लावूनच.”

“त्या लाइनीत,” बाबा म्हणाले, “कोनी मधात घुसत तं नाही ना?”

“घुसू देत नाही.”

“नोको देऊ.”