आईच्या कासोट्याचं माप

"हिला आत कोणी घेतलं?" मॅडम म्हणाल्या. बोट माझ्या आईकडे.

दुकान मॅडमचं, नाशिकच्या गंगापूर रोडवरचं. काचेचं. पुतळ्यांच्या अंगावर शिवलेल्या नऊवाऱ्या. मागे चेन, कमरेला इलॅस्टिक, पाय घातला की झाली मराठमोळी. तिथलं कटिंग माझ्याकडे होतं. आई डोळे तपासायला पेठकडच्या आमच्या पाड्यावरून एसटीने आलेली. माझ्या खोलीची किल्ली घ्यायला दुकानात शिरली. गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसलेलं लुगडं, खांद्यावरून ओढणीसारखी घेतलेली फडकी, हातात नागलीच्या पिठाची पिशवी. सोफ्यावर दोन गिऱ्हाइकं होती. एकीने पाय आखडून घेतले. आई तिच्यापासून चार हात लांब होती.

"तुझी कोण ही?" मॅडमनी मला विचारलं.

"गावाकडची बाई आहे. ओळखीची."

हे मी म्हणाले. माझ्या गळ्यावर कुणी सुरी धरली नव्हती. पेठ म्हटलं की पुढचा प्रश्न जातीचा येतो, म्हणून दुकानात मी नाशिकरोडची होते. बोलणं घासूनपुसून स्वच्छ करून घेतलं होतं. आई दारात आली आणि सगळं उघडं पडेल असं वाटलं. म्हणून मी आईलाच झाकलं.

आईने ऐकलं. तिचे डोळे अधू झाले होते, कान नाही. ती मागच्या दाराकडे वळली. तेवढ्यात मॅडमना तिचा कासोटा दिसला.

"थांब थांब! काय सुंदर बांधलंय! हिला टेबलावर उभी कर गं."

कटिंगच्या टेबलावर. आई स्टुलावर पाय ठेवून चढली. गिऱ्हाइकांनी मोबाइल काढले. मॅडम सांगत होत्या आणि मी टेप लावत होते. कमर. मागचा खोचा. गुडघा. तिच्या लुगड्यावर मी खडूने खुणा केल्या. मॅडम म्हणाल्या, "फोटोत चेहरा नको. खालचंच घे." मी खालचंच घेतलं.

आई वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "फिरू का, ताई?"

मला. ताई. खोटं माझं होतं आणि ते सांभाळत ती होती.

"हो, फिरा," मी म्हणाले.

संध्याकाळी खोलीवर गेले तर तिने भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या. त्या विषयावर एक अवाक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जेवले मात्र पोटभर, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

त्या मापावरून मी पॅटर्न कापला. आईचा कासोटा ढिला होता, चिखलात वाकायला, डोंगर चढायला. मॅडमना फिटिंग हवं होतं. मी दोन्ही बाजूंनी आत घेतला. नाव ठेवलं 'वनराणी'. ते घालून धड जिना चढता येत नव्हता, पण फोटो झकास यायचे. माल हातोहात गेला. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. तेही सांगून टाकते.

पुढच्या पावसाळ्यात, सणांचा माल शिवायला घेतला तेव्हा मॅडमना फडकी हवीशी झाली. स्टोल म्हणून. दुकान भरलेलं होतं. एकीने विचारलं, "मॅडम, हे वनराणी तुम्हाला सुचलं तरी कसं?"

"अगं, एक अडाणी बाई आली होती. उघडे पाय, कसंतरी गुंडाळलेलं. आम्ही त्याला जरा ग्रेस दिली."

सगळ्या हसल्या. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझ्या त्या ओळखीच्या बाईला परत आण ना. फडकी कशी घेते ते बघायचंय."

मी कात्री खाली ठेवली.

"ती माझी आई आहे. आम्ही कोकणा आदिवासी, पेठचे. तिने गुंडाळलेलं नाही, नेसलंय. ती येणार नाही. आणि उद्यापासून मीही नाही."

मॅडम म्हणाल्या, "अगं, मग तेव्हाच सांगायचं ना!"

त्यांचं तेवढं एक वाक्य खरं होतं. तेच मला अजून टोचतं. मॅडमनी आईला अडाणी केलं, पण त्याआधी तिला परकी केलं ते मी. मॅडमना आमचं काय माहीत होतं? मला तर सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेले. आई खाचरात भात लावत होती. मी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी तुला नाकारलं, आई."

तिने मान वर केली नाही. "मला ठावं हाय. मी व्हतेच ना तिथं."

मग म्हणाली, "उतर खाली. रोपं सुकत्यात."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. मागून मिळण्यासारखं ते नव्हतंच.

आता काम विचारायला जाते तिथे माझ्या नावाआधी सांगते. माझी आई कासोटा घालून लुगडं नेसते. ती कधीही येईल, आली तर पुढच्या दाराने येईल आणि गिऱ्हाइकांशेजारी बसेल. दोन दुकानांनी नको म्हटलं. तिसरंही म्हणेल. म्हणू दे. माझ्या तोंडून ती पुन्हा कधी परकी होणार नाही.