गायकवाडसरांची मंडळी

"कुणी धुतली? कुणी धुतली रे ही पिंपं?"

गायकवाडसर असे ओरडले, की आमच्या घाटकोपरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली ती थेट मुलुंडला जाऊन बसली. न्यूमोनियाने निम्मे झालेले सर नुकतेच इस्पितळातून आले होते. रिक्षातून उतरून घरी न जाता ते तडक मागच्या कोपऱ्यात गेले. ओल्या कचऱ्याच्या खताची त्यांची पिंपं तिथे असत. आज ती नवरीसारखी चमकत होती आणि फिनेलच्या वासाने डोळ्यांत पाणी येत होतं.

सेक्रेटरी शहाभाई पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. "सर, तुमच्या स्वागतासाठीच केलं ना! आतलं सगळं फेकलं, फिनेलने घासलं. एकदम झकास!"

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. जंतूंना त्यांनी जन्मात कधी जंतू म्हटलं नाही, 'मंडळी' म्हणायचे. गेटवर मी दिसलो की विचारणार, "आज ताक घेतलंस का? मंडळी उपाशी ठेवू नकोस." एकदा साध्या सर्दीसाठी मी अँटिबायोटिक आणलं, तर जिन्यातच अडवलं. "अरे, तुझ्या पोटात अख्खं गाव नांदतंय. एका शिंकेसाठी गावावर रणगाडा घालतोस?" मागच्या नाल्यात त्यांनी महिनाभर खताचं पाणी ओतलं, तेव्हा नाल्याचा वास असा मेला, की बेडूक तिथे डिपॉझिट भरून राहायला आले. खोटं वाटत असेल तर बेडकांना विचारा.

हे सगळं सुरू केलं होतं त्यांच्या पत्नीने, सुमनताईंनी. गावच्या शेतातली ओंजळभर माती, त्यात ज्वारीची आंबलेली आंबील, वर इमारतीतली भाजीची सालं. ताई ते हातानेच कालवायच्या. तयार खतातलं टोपलंभर मागे ठेवायचं आणि पुढच्या पिंपात घालायचं, दह्याच्या विरजणासारखं. ताई गेल्या, पण सरांनी ते विरजण एकदाही तुटू दिलं नाही. "सुमनच्या हातची मंडळी आहेत ही," म्हणायचे, "आता त्यांचे पणतू-खापरपणतू." प्रत्येक सभेत कुणीतरी त्या कोपऱ्यात पार्किंग मागायचंच. सर शांतपणे सांगायचे, "सुमनचं विरजण जिवंत आहे तोवर तिथे गाडी लागणार नाही." आणि भांडखोरातला भांडखोर मेंबर गप्प बसायचा.

आता सर वॉचमनच्या खुर्चीवर बसले. आवाज खाली आला होता. "औषधांनी पोटातली मंडळी गेली, त्याचं काही नाही. जीव वाचवायचा होता. म्हटलं, खालची तरी भेटतील."

"सर, बाजारात कल्चरची पुडी मिळते. उद्याच आणतो," शहाभाई म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"पुडीनं खत होईल, शहाभाई. चांगलं होईल." सर म्हणाले.

मग एकदम ताठ झाले. "अरे, कुंड्या! दरवर्षी घरोघर खताची पिशवी देतो मी. कुणाच्या तरी कुंडीत असेलच. मूठभर पुरे रे, विरजण असं लागतं किती? पळ!"

मी पळालो. लिफ्टची वाटसुद्धा बघितली नाही. पहिल्या मजल्यावर खताचं इतकं कौतुक ऐकलं, की मला वाटलं आत जंगलच असणार. आत मनीप्लांट होतं, बाटलीतल्या पाण्यात. दुसऱ्यावर गॅलरी बंद करून बेडरूम केलेली. तिसऱ्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "घरात किडे होतील म्हणून आम्ही पिशवी तशीच कचऱ्यात... सरांना सांगू नका हं." चौथ्यावरही तेच, फक्त वर चहाचा आग्रह.

माझ्या घराला गॅलरीच नाही, म्हणून माझी पिशवी मी सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या नाईकवैनींना द्यायचो. त्यांचा कढीपत्ता एवढा माजलेला, की विमानं त्याला वळसा घालून सांताक्रूझला उतरायची. वैनींनी दार उघडलं. गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल तेवढे होते.

"कुंडी होती रे झिला," त्या म्हणाल्या. "रंगकामाच्या वेळाक सगळ्यांक काढूक लावल्यानी. टाकून दिलंय."

मी जिना उतरलो. इतका सावकाश मी आयुष्यात कधी उतरलो नव्हतो. सर माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होते.

"सर," मी म्हणालो, "कुणाकडेच नाही."

सर खुर्चीचा हात धरून उठले. शहाभाईंच्या हातातला पुष्पगुच्छ त्यांनी नीट घेतला.

"बरं," ते म्हणाले. "मग शहाभाई, पार्किंगचं बघून घ्या."