रविवारी न पडणारा पाऊस

ऑफिसच्या स्क्रीनवर गावात रोज सकाळी जोरदार पाऊस दिसत होता आणि फोनवर त्याच गावच्या सरपंच सलमाताई टँकर मागत होत्या. “सायेब, आमच्या गावात लय पाऊस पडतोय म्हणं. आमाला कसा दिसंना त्यो?”

साताऱ्याच्या पूर्वेकडचं कोरडं गाव. विहिरी तळाला गेलेल्या, बाया घागरी घेऊन ओढ्यापलीकडे जात होत्या. पण यंत्र पाऊस दाखवतंय तोवर गाव टंचाईच्या यादीत बसणार नव्हतं, आणि यादीत नाव नाही तर टँकर नाही. ते पर्जन्यमापक यंत्र माझ्या देखभालीतलं. वर नरसाळं, आत एक छोटी वाटी. भरली की कलंडते आणि नोंद थेट ऑफिसात येते.

नोंदी नीट पाहिल्या. पाऊस दर रविवारी सुट्टी घेत होता.

गावात गेलो. यंत्र सोसायटीचे चेअरमन आबा यांच्या बंगल्यासमोर, लॉनच्या मधोमध उभं. गावात नवीन काहीही आलं की पहिला मान आबांचा, म्हणून तिथेच बसवलेलं. शेजारी बोअरच्या पाण्यावर स्प्रिंकलर गरगरत होता. माळ्याची सुट्टी रविवारी.

लॉनचं पाणी पाऊस म्हणून मोजलं जातंय, हे मी आबांना समजावलं. त्यांनी समाधानाने ऐकलं. “मंजी गावाला पाऊस आमीच पाडतोय की. ऱ्हाऊ द्या.”

ऑफिसातल्या माझ्या साहेबांना फोन केला. यंत्र लगेच हलवा, पण आबांना दुखवू नका, एवढं बोलून त्यांची रेंज गेली. मला भयंकर राग आला. तो आबांनी दिलेल्या चहाबरोबर गिळला आणि सहज म्हणालो, “आबा, टंचाईची यादी लागलीय. पहिलं नाव शेजारच्या गावाचं. आपलं नावच नाही.”

आबांनी कप खाली ठेवला. “दुष्काळात बी त्येच फुडं?”

संध्याकाळी यंत्र वाजतगाजत शाळेच्या मैदानात गेलं. आबांनी फीत कापली. नोंदी शून्यावर आल्या, गाव यादीत बसलं, टँकर मंजूर झाला. मी खूश होऊन बघायला गेलो. तोवर आबांची बोअर आटली होती. टँकर मानाचा नारळ घ्यायला आधी त्यांच्या फाटकात थांबला आणि निम्मा होऊनच शाळेपाशी आला.

सलमाताई घागर घेऊन उभ्या होत्या. “सायेब, आता आबास्नीच शाळेत बसवा.”

यंत्र बसवताना वर आकाश मोकळं आहे का ते बघावं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी आता आधी खाली हिरवळ कोणाची आहे ते बघतो.