पंचावन्नच्या आत

डॉक्टरांनी विचारलं, अंगावरचे हे डाग कधीपासून आहेत. मी म्हणालो, आठ-दहा दिवस. ते खोटं होतं. सात आठवडे झाले होते आणि मला ते माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या मंडळात पंचवीस वर्षं उठबस केली तिथल्या एकाही माणसाला नाही.

मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला आहे. तरुणपणी कबड्डी खेळायचो. गुडघा गेला तेव्हा शिकवायला लागलो. दिघ्याला आमचं मंडळ आहे, तिथे मुलींचा संघ मी उभा केला. लग्नानंतर आम्ही ऐरोलीला फ्लॅटमध्ये राहायला आलो, पण संध्याकाळी माझे पाय दिघ्याकडेच वळायचे. लेक सहा वर्षांची असल्यापासून माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून यायची. पुढे ती त्याच संघात खेळायला लागली आणि खरं सांगायचं तर संघ तिच्यावरच चालायला लागला. तिची चढाई बघायला शेजारचे गॅरेजवाले हातातले पाने टाकून यायचे.

ती दहावीत गेली त्या वर्षी जिल्ह्याच्या किशोरी संघाची निवड चाचणी होती. किशोरी गटाला दोन अटी असतात. वय सोळाच्या आत आणि वजन पंचावन्न किलोच्या आत. काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरली तरी मुलगी बाहेर. पुढच्या वर्षी ती वयात बसली नसती. आणि चाचणीला तीन महिने असताना तिचं वजन होतं साडेसत्तावन्न.

वजन उतरवणं हे आमच्याकडे सगळेच करतात. मीही केलं होतं, माझ्या मास्तरांनी करून घेतलं होतं. रात्रीची भाकरी बंद. दुपारी रेनकोट घालून खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर पळायचं. घरच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून दर दोन दिवसांनी मी तिला दिघ्यातल्या भंगारवाल्याच्या मोठ्या काट्यावर उभी करायचो. तिथे लोखंड तोलतात, तो काटा खोटं बोलत नाही. भंगारवाला गमत्या माणूस. पत्र्याच्या डब्यावर बसून ओरडायचा, “आओ बेटी, आज का भाव निकालते हैं!” ती म्हणायची, “चाचा, तुम्हारा अंगूठा हटाओ पहले, तभी वजन सही आएगा.” तो हसून दोन्ही हात वर करायचा.

पहिले पंधरा दिवस काटा हललाच नाही. मग उतरायला लागला. छप्पन्न. पंचावन्न. मी खूश होऊन तिची रात्रीची भाकरी परत सुरू केली. तरी वजन उतरत राहिलं. चोपन्न झालं, त्रेपन्न झालं. भंगारवाला एक दिवस काट्याकडे वाकून बघत म्हणाला, “साब, मेरा काँटा बिगडा है या लडकी?” मी म्हटलं, “शिस्त आहे चाचा, शिस्त.” खाणारी मुलगी उतरत चालली आहे, इथे बापाला शंका यायला हवी होती. मी मंडळात जाऊन बाकीच्या मुलींना तिचं उदाहरण देत होतो.

डाग त्याच सुमारास दिसायला लागले. कबड्डीत मांड्यांवर, दंडांवर काळंनिळं असतंच, ते कुणी मोजत नाही. पण एका संध्याकाळी सराव संपल्यावर तिने टी-शर्ट थोडा वर करून कमरेच्या वरची बाजू दाखवली.

“पप्पा, हे बघा. इथे तर मला कोणी पकडलंच नाही.”

मी शिकवणारा माणूस. पकड कुठे बसते नि कुठे बसत नाही हे मला तिच्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी म्हणालो, “पडली असशील कुठेतरी. बर्फ लाव.”

आठवडाभराने ती परत म्हणाली, “दात घासताना रक्त येतं. आणि जिना चढताना मधे थांबावं लागतं.”

“वजन उतरवताना होतं असं.”

“मम्मीला दाखवू का?”

“वेडी आहेस का? ती उद्याच डॉक्टरकडे नेईल, डॉक्टर म्हणेल खेळ बंद. नाहीतर वरण-भात-तूप घालून परत साठ किलो करेल. चाचणी होऊ दे. तोवर मम्मीला सांगू नकोस.”

ती हसली. “ओके सर,” म्हणाली. मैदानावर ती मला सर म्हणायची, पण आम्ही तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो.

ही, म्हणजे माझी बायको, तेव्हा बेलापूरला सरकारी ऑफिसात होती. सकाळी साडेआठला निघायची, सातला परत. त्या महिन्यांत तिच्याकडे बदलीवर गेलेल्या एका बाईंचंही काम होतं. घरी यायची ती थकून. लेक फुल बाह्यांचा टी-शर्ट घालून अभ्यासाला बसलेली असायची. कुठल्या आईला काय दिसणार होतं?

चाचणीच्या दिवशी वजन भरलं बावन्न किलो चारशे. पंच म्हणाले, “वा सर, मार्जिन ठेवलंत.” दोन चढाया तिने नेहमीसारख्या केल्या. तिसऱ्या चढाईत मध्यरेषेजवळ नुसतीच उभी राहिली, जणू कुठे जायचं ते विसरली. तरी यादीत नाव आलं. आधीच्या वर्षीचा तिचा खेळ सगळ्यांनी पाहिलेला होता. मी पेढे वाटले.

तीन दिवसांनी ताप भरला. हिने रजा टाकली आणि तिला सेक्टरमधल्या डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासायला दिलं, तर संध्याकाळी लॅबवाल्यानेच फोन केला की थांबू नका, मोठ्या हॉस्पिटलला जा. रक्ताचा कॅन्सर होता.

खाडीपलीकडच्या त्या हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डागांचा तो प्रश्न विचारला. ही आधी बोलायला गेली. “मी तर... मला आत्ता तापातच दिसले,” असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी आठ-दहा दिवस म्हणालो. वर जोडलं, “खेळात मार लागतो हो डॉक्टर.” लेक कॉटवर पडली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वर छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर आठ-दहा दिवस असं लिहून घेतलं.

लवकर कळलं असतं तर फरक पडला असता का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. इतके महिने तिथे काढले, विचारता आलं असतं. पण विचारायचं तर आधी किती लवकर ते सांगावं लागलं असतं.

त्यानंतर माणसं ज्या तऱ्हेने धावून आली ते लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला आणि पहिल्याच दिवशी रक्तासाठी माणसं उभी राहिली. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी आमचा डबा स्वतःकडे घेतला, तो शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. मंडळातल्या मुलींनी आपापसांत पाळ्या लावून तिच्या वह्या पूर्ण केल्या. शिरवण्याच्या संघाशी आमचं वर्षानुवर्षं हाडवैर. त्यांचे मास्तर आठ पोरं घेऊन प्लेटलेट्स द्यायला आले. मी हात जोडले तर म्हणाले, “तुमी गप बसा सर. आमच्या पोरींचे गुडघे फोडनारी पोरगी हाय ती. तिला काय नाय होनार. बरी झाली की आमच्याकडून खेळवनार, सांगून ठेवतो.” आतून लेकीने ऐकलं. “त्यांना म्हणावं, आधी कोपरा सांभाळायला शिका,” असा निरोप तिने नर्सकडून पाठवला. ते भलेमोठे गृहस्थ बाहेर बाकावर बसून हसत होते नि डोळे पुसत होते.

आमच्याच संघातली एकोणीस वर्षांची एक खेळाडू होती. प्लेटलेट्स द्यायला पन्नास किलो वजन लागतं, असं तिला कळलं होतं. ती भरायची साडेअठ्ठेचाळीस. ती सकाळी चार केळी खाऊन, दोन बाटल्या पाणी पिऊन आली आणि काट्यावर ताठ उभी राहिली. रक्तपेढीतल्या बाई काय ते समजल्या.

“अगं, पाण्याचं वजन नाही चालत. किती प्यायलीस?”

“दोन लिटर, मॅडम. लवकर करा, मला बाथरूमला जायचंय.”

सगळे हसले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, दरवेळी तुमी पोरींना पाणी तोडायला सांगता, आज मी चढवलं.” मीही हसलो. मग फोन आल्यासारखं करून जिन्यात गेलो आणि तिथे दोन मजले खाली उतरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. या पोरींना काट्याला घाबरायला मीच शिकवलं होतं.

लोक मला म्हणायचे, बाप असावा तर असा. कारण मी कंपनीतून बिनपगारी रजा घेतली होती, केस गेले तेव्हा लेकीबरोबर मीही डोकं साफ केलं होतं. आणि हिला कुणी काही म्हणायच्या आधी ही स्वतःच म्हणायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, “दहावीत गेल्यापासून ती स्वतःचे केस स्वतः विंचरायला लागली. मी विंचरले असते तर मानेवरचे डाग मला दिसले असते. मी आई असून मला कळलं नाही.” मी शेजारी बसून संत्रं सोलत असायचो.

मध्यंतरी पाच महिने बरे गेले. ती घरी आली, मैदानावर जाऊन खुर्चीत बसली, मुलींवर ओरडली. मग आजार परत आला.

दुसऱ्या खेपेला एका दुपारी ही खाली औषधं आणायला गेली होती. लेक उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “पप्पा, मम्मीला सांगा ना.”

मी विचारलं, “काय?” मला कळलं होतं तरी विचारलं.

“की मी तुम्हाला सांगितलं होतं. ती रोज त्या केसांचं बोलते. मला ऐकवत नाही.”

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

“ती चिडेल, पण तुमच्यावर चिडेल. स्वतःवर तरी नाही चिडणार. आणि मला पण खेळायचंच होतं ना? मी हट्टाने सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतं मला डॉक्टरकडे. ते पण सांगा. सगळं तुमच्यावर नका घेऊ.”

पंधरा वर्षांची मुलगी, हातात सुई, ओठ फुटलेले, ती मला माझ्या बोलण्यातली वाक्यं तयार करून देत होती. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “तू बरी झालीस की सांगतो. शब्द देतो.”

तिने मान हलवली. इतक्यात औषधांची पिशवी घेऊन ही आली आणि आम्ही दोघं टीव्हीकडे बघायला लागलो.

ती बरी झाली नाही. आजार कळल्यापासून अकराव्या महिन्यात गेली. शिरवण्याची, दिघ्याची, सोसायटीतली इतकी माणसं आली की आमच्या गेटपासून चौकापर्यंत उभी होती. संघातल्या मुली जर्सी घालून आल्या होत्या.

नंतर कितीतरी दिवस मी मनाशी धरून होतो की ती बरी झाली तर सांगायचं ठरलं होतं, आता तो प्रश्नच राहिला नाही. असा हिशेब करणारा माणूस मी आहे, हेही लिहून ठेवतो. वर्षश्राद्धानंतर मंडळाने स्पर्धा घेतली, उत्कृष्ट चढाईच्या बक्षिसाला तिचं नाव दिलं आणि आदर्श पालक म्हणून माझ्या खांद्यावर शाल घातली. मी ती घेतली. ही दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. शिकवणं मी त्याच आठवड्यात सोडलं. गुडघा दुखतो असं सांगितलं.

हिने नोकरी सोडली. ऑफिसात लक्ष लागत नाही म्हणाली. आता संध्याकाळी सोसायटीच्या बागेत बसते. खेळायला आलेल्या मुलींच्या आया भेटल्या की त्यांना थांबवून सांगते, “मुलींच्या अंगाकडे लक्ष ठेवा हं. मी नाही ठेवलं.” त्या बायका अवघडून मान हलवतात. परवाही तिने एकीला असंच थांबवलं. मी दुधाची पिशवी घेऊन मागे उभा होतो. घरी जाताना ती म्हणाली, “अहो, तिला मी दिवसातनं एकदा जरी जवळ घेतली असती ना.” मी म्हणालो, “चल, दूध नासेल.”

लेकीला दिलेला शब्द मी पाळलेला नाही. मुलीने वेळेवर सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, आणि आईला सांगू नकोस असं मी म्हणालो होतो, हे मी माझ्या बायकोला समोर बसून, माझ्या तोंडाने सांगायचं देणं लागतो. हे लिहून झालं तरी अजून मी तिला ते सांगितलेलं नाही.