जुबेदाने बापाची जागा मागितली

जुबेदा गेल्याचं मला परभणीच्या बसस्टँडवर कळलं. बोरीकडून आलेल्या गाडीतून आमच्या गावचा एकजण उतरला आणि म्हणाला, "सिस्टर, तुमची मैत्रीण गेली... झोपीतच." त्याला आता दीडेक महिना होत आला.

आमचं खेडं बोरीजवळ. जुबेदाचे वडील करीमचाचा गावचे दर्जी. अठ्ठेचाळीस साली रझाकार निजामाविरुद्ध लढणाऱ्या माझ्या काकाला शोधत आमच्या वस्तीत आले, तेव्हा चाचांनी काकाला आपल्या घरात कापडाच्या ढिगाखाली लपवलं आणि स्वतः दारात उभे राहिले. पुढे भारताची फौज आली, रझाकार पळाले, अन् सूड उगवला गेला तो मुसलमान म्हणून चाचांवर. जमावानं त्यांना ओढ्याकडे नेलं. ते परतले नाहीत. जुबेदाची आई तिला घेऊन हैदराबादला निघून गेली. आम्ही तेव्हा परकर नेसणाऱ्या पोरी होतो.

त्यानंतर ती भेटली ती थेट कुवेतमध्ये, पंचाहत्तर साली. मी तिथं दवाखान्यात नर्स होते, ती एका अरबाच्या घरी स्वयंपाकाला. ऑपरेशननंतर गुंगीत एक बाई कण्हत होती, "लय दुखायलंय गं माय..." परमुलखात ही बोली ऐकून मी जागच्या जागी थांबले. शुद्धीवर आल्यावर विचारलं, "कुठली गं तू?"

"बोरीच्या बाजूची. करीम दर्जीची लेक."

मग ती सुट्टीला माझ्या खोलीवर येऊ लागली. आम्ही सगळं बोलायचो, तेवढं एक सोडून. एकदा मात्र तिनं चहाचा कप बाजूला सारला. "अम्मी मरेपर्यंत म्हणायची, अब्बा हरवले. शांता, तू सांग. खरं काय हाय?"

मी सांगितलं. जमाव पांगल्यावर माझ्या वडिलांनी, आबांनी, चाचांना ओढ्याकाठच्या आंब्याखाली मूठमाती दिली होती. ते शेत माणिकरावांचं, आणि माणिकराव त्या जमावात होते. जुबेदा रडली नाही. "मला तिथं ने," एवढंच म्हणाली.

दोन वर्षांनी आम्ही दोघी कायमच्या परतलो. आबांनी जागा दाखवली, तेवढ्यात माणिकरावांचा मुलगा आडवा आला. "हितं कबर-बिबर काई न्हाई. निघा!"

जुबेदा आंब्याखाली बसली. "तुमची जमीन मला नको. माझा बाप हाय इथं. दगड लावल्याबिगर मी उठणार न्हाई."

ऊन कललं तरी ती हलली नाही. शेवटी म्हातारे माणिकराव स्वतः आले. खाली बघत म्हणाले, "मी होतो त्या दिवशी."

"मला ठाऊक हाय. माफ केलं असं मी म्हणणार न्हाई. दगड लावू द्या."

त्यांनी मुलाला बाजूला व्हायला सांगितलं.

ती गावातच राहिली, बापाचाच धंदा घेऊन. आधी आमच्या वस्तीतल्या बाया कपडे शिवायला आल्या, मग सगळा गाव.

परवा तिची खोली आवरायला गेले. मशीनवर एक पोलकं तसंच होतं, एक बाही लावलेली, दुसरी राहिलेली. माणिकरावांच्या सुनेचं. ती दारातच उभी होती. म्हणाली, "तसंच द्या, सिस्टर. दुसऱ्या कोणाकडून न्हाई शिवणार मी."

तिनं ते घडी घालून छातीशी धरलं आणि ओढ्याच्या वाटेनं निघून गेली.