रेफरीला उभं केलं तेव्हा

माझा आवाज मोठा आहे, हे मी आधीच कबूल करते. लालबागला मसाला कुटायच्या मशीनशेजारी वीस वर्षं बसून गिऱ्हाइकांशी बोलायचं, तर हळू बोलून भागतंय कुठे? घरात मी "मीठ दे" म्हटलं तर शेजारीण मीठ घेऊन येते. त्यामुळे परळच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉलच्या फायनलला मी रेफरीला जे काही म्हटलं, ते सगळ्यांनी ऐकलं.

झालं असं. स्पर्धा आमच्याच मंडळाची, समोर शीवच्या मुली. आम्ही एका गोलने मागे. शेवटच्या दोन मिनिटांत कॉर्नरवरून आलेला बॉल माझ्या लेकीने डोक्याने मारला. बॉल लाईनच्या आत गेला, त्यांच्या गोलकीपरने तो ओढून बाहेर काढला आणि रेफरीने हात हलवला, खेळा पुढे! आमच्या मुली त्याच्यामागे धावल्या, विनवण्या केल्या, तो बघेचना. मी ओरडले, "अरे मेल्या, डोळे घरी ठेवून आलायस काय?" मॅच संपली आणि कप शीवला गेला.

घरी आल्यावर लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने बूट प्लास्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली आणि स्टुलावर चढून पिशवी माळ्यावर टाकली.

"आई, हरले त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण वर्षभर मरमर करायची, आणि एक माणूस हात हलवून ते पुसून टाकणार. त्याला कोणी विचारणार पण नाही. मला नाही खेळायचं आता."

नऊ वर्षांची असल्यापासून खेळणारी पोर. दोन दिवस ती प्रॅक्टिसला गेली नाही, खिडकीत बसून मोबाईल बघत राहिली. मला राग असा आला होता की बोलायची सोय नाही.

तिसऱ्या दिवशी दुकान अर्ध्यावर टाकून मी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, रेफरीचा निर्णय अंतिम असतो."

"असू दे ना अंतिम. कप परत मागितलाय कोणी? पण त्याने येऊन सांगावं, काय बघितलं आणि काय नाही. गेल्या साली विसर्जनाला आपली गणपतीची ट्रॉली वळणावर अडकली, तेव्हा वार्षिक सभेत तुम्हाला अर्धा तास उभं करून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, माझं चुकलं. मग काय झालं? पुन्हा तुम्हीच निवडून आलात ना?"

अध्यक्षांना हसू आलं. त्यांनी माझ्यासमोरच रेफरीला फोन लावला. मला वाटलं, तो हात झटकणार. तो म्हणाला, येतो, दहा मिनिटं उभा राहतो. पण एक अट. शिव्या नाहीत, आणि विचारणाऱ्याने आधी सांगायचं की तो तेव्हा कुठे उभा होता.

रविवारी मंडळाचं ऑफिस गच्च भरलं. शीवच्या मुलीही आल्या होत्या. लेकीला मी ओढतच नेलं होतं. ती हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत बसली. समोर रेफरी उभा. पन्नाशीचा, बारीक माणूस, ऑफिसला जातो तसा शर्ट खोचलेला. मैदानावर हात नाचवणारे सगळे आता मूग गिळून बसले. म्हणून मीच उठले.

"तुम्ही कुठे होतात, ताई?" त्याने विचारलं.

"मी... वडापावच्या गाडीजवळ."

"म्हणजे दुसऱ्या गोलच्या मागे."

लोक हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण खरं होतं. लाईन मला दिसलीच नव्हती, मी लेकीचे वर गेलेले हात बघितले होते. तरी मी म्हटलं, "माझं राहू दे. तुम्ही सांगा, तुम्हाला दिसलं?"

"नाही. माझ्यासमोर चार मुली होत्या. लाईनवर दुसरा पंच दिलाच नव्हता, मी एकटा. दिसलं नाही म्हणून गोल दिला नाही."

"मग तेव्हाच तसं का नाही सांगितलंत?"

"रेफरीच दिसलं नाही म्हणाला, तर पुढच्या शिट्टीला कोण मानणार?"

"आणि आता कोण मानतं?"

तेवढ्यात शीवच्या मुलींमधून एक उंच पोरगी उभी राहिली. कप तिच्याच मांडीवर होता, तो तिने शेजारणीकडे दिला. रेफरीने सवयीने विचारलं, "तू कुठे होतीस?"

"मी गोलकीपर, सर. लाईनवरच होते. बॉल पूर्ण आत होता. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी पण गप्प बसले."

मग रेफरीने अध्यक्षांकडून मॅचचा कागद मागून घेतला. तो गोल होता, चूक माझी, असं त्यावर लिहिलं, खाली सही केली आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. निकाल काही बदलला नाही. कप शीवलाच राहिला. पण मागे वळून बघते तर माझी लेक शेवटच्या रांगेतून उठून त्या गोलकीपरकडे निघाली होती. दोघी काय बोलल्या, मला अजून माहीत नाही. रडत मात्र मीच होते.

आता आमच्या स्पर्धेत लाईनवर दोन पंच असतात. त्याच रेफरीने दर शनिवारी येऊन मंडळातल्या दोघांना शिकवून तयार केलं. आणि फायनलनंतर रेफरी दहा मिनिटं उभा राहतो, त्याच अटीवर.

परवा यंदाची पहिली मॅच होती. लेक बॉल घेऊन सुसाट निघाली आणि याच रेफरीने ऑफसाईडची शिट्टी मारली. माझं डोकंच फिरलं. "अहो, कुठे ऑफसाईड? काहीतरीच काय!"

मैदानाच्या त्या टोकाहून लेक वळली. आवाज माझ्यावरच गेलाय तिचा. "आई, तू कुठे उभी आहेस?"

मी हातातल्या वडापावकडे बघितलं आणि गपचूप लाईनच्या दिशेने चालायला लागले.