पिकअपचा काटा आणि दत्तूची चावी

काटा खरा धरायचा की माणूस, सांगा बघू? आमचं डोंबिवलीत पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. माल पोचवायला एक म्हातारी पिकअप. टाक्या विकल्या जातात, पिकअपचे किस्से मात्र दुकानात साठत राहतात. त्यातले हे डिझेलच्या काट्याचे.

गाडी चालवतो आमचा दत्तू. दुकानाची पाटी लागली तेव्हापासून माझ्याकडे आहे. दसऱ्यानंतर एकदा सकाळी टाकी फुल करून तो दिवा गावात माल घेऊन गेला. सोबत माझा मेहुणा प्रमोद. दिव्यात पोचल्यावर बघतात तर काटा पार खाली. प्रमोद गाडीखाली वाकला. जमीन कोरडी.

"गळत नाही, मग डिझेल जातं कुठं?" त्याने दत्तूकडे बघत विचारलं.

दत्तू म्हणाला, "इथं लोकांना प्यायला पाणी मिळत नाही, प्रमोदशेठ. डिझेल कोण पिणार?"

* * *

दुसऱ्या दिवशीही काटा तळालाच. प्रमोद स्वतः गाडीत बसला आणि माजिवड्याच्या पंपावर "फुल कर" म्हणाला. थोडंसंच गेलं आणि डिझेल टाकीच्या तोंडातून बाहेर.

पंपावरचा पोरगा म्हणाला, "काका, टाकीत भरायचंय की रस्त्यावर?"

दुकानात येऊन प्रमोद मला म्हणतो, "भावोजी, मी बरोबर येणार हे दत्तूला कळलं असणार. म्हणून आधीच भरून ठेवलं."

म्हटलं, "प्रमोद, पदरचं डिझेल घालणारा चोर मी आजवर पाहिला नाही. तुला सापडला तर आपल्याकडे कामालाच ठेवू."

पण दत्तूने हे ऐकलं होतं. त्याने चावी काउंटरवर ठेवली. "शेठ, काटा दुरुस्त होईपर्यंत ही तुमच्याकडे राहू दे. झाला नाही तर मी गावाला जातो. चोर म्हणून गाडी चालवायची नाही मला."

आता काटा दुरुस्त करणं भाग होतं. माणूस जात होता ना!

* * *

कल्याणचा एक इलेक्ट्रिशियन आला. बघण्याआधीच म्हणाला, "मीटर गेलाय." दुसरा बसवला. त्याचाही काटा खाली.

"हापण गेलाय," तो म्हणाला.

"अरे, तू आणलेला मीटर तुझ्या पिशवीत होता तेव्हा चालत होता ना?"

"पिशवीत कसा चालेल शेठ?"

"मग तो चालतो हे तुला कळलं कसं?"

त्याने जुना मीटर परत बसवला.

* * *

मग मीच बाह्या सरसावल्या. मी शाळेत फार गेलो नाही, पण एक शिकलोय. दोष शोधताना एकेकाला निर्दोष ठरवत जायचं. फ्यूज पाहिला, चांगला. टाकीवरून मीटरला जाणारी वायर काढून चेसिसच्या उघड्या लोखंडाला टेकवली. काटा धावत फुलवर गेला. म्हणजे मीटर निर्दोष, वायर निर्दोष. टाकीत डिझेलवर तरंगणारा फ्लोट बाहेर काढून हलवून पाहिला, कुठं अडकत नव्हता. तोही निर्दोष.

प्रमोद म्हणाला, "भावोजी, आता दोनच उरले. अर्थची वायर आणि दत्तू."

"आधी वायर," मी म्हटलं.

टाकीची अर्थची वायर चेसिसला बोल्टने लावलेली असते. करंट तिथून परत फिरतो, तेव्हा काटा नीट उठतो. बोल्ट काढला, तर खाली काळाभोर, तुकतुकीत रंग. दसऱ्याला पूजेआधी दत्तू गाडी पोरीसारखी नटवतो. यंदा चेसिस रंगवताना त्याने बोल्ट काढून त्याच्याखालीसुद्धा दोन हात मारले होते आणि वायर त्या रंगावरच कसली होती. रंगातून करंट जाणार कसा?

"दत्तू, बोल्टखाली कोण बघणार होतं रे?"

"देव बघतो ना, शेठ."

मी पॉलिश पेपर प्रमोदच्या हातात दिला. "घास."

त्याने लोखंड चमकेपर्यंत घासलं, बोल्ट कसला. मी चावी फिरवली. काटा हळूहळू उठला आणि जवळजवळ फुलवर जाऊन थांबला. मी चावी काढून दत्तूपुढे धरली.

त्याने ती लगेच घेतली नाही. आधी काट्याकडे बघितलं, मग प्रमोदकडे.

"प्रमोदशेठ, काटा उतरला तेव्हा जेवढं डिझेल उतरलं, ते तुम्ही माझ्या नावावर धरलंत. आता पंपावर न जाता अख्खी टाकी चढली. तीपण माझ्याच नावावर जमा धरा. हिशोब खरा ठेवा."